माहेनूरची दुआ

मंडळी, ऐका! देवाचं नाव पोरांच्या तोंडी बसवायचं ते कसं? धाकानं, की मायेनं?

मायेनं! वा! सगळे एका सुरात! आणि घरी पोरगं स्तोत्रात अडखळलं, की पाठीत धपाटा कोण घालतं हो? शेजारी येतो का?

असो. कृष्णाकाठच्या एका गावात मशिदीच्या ओसरीवर उस्ताद मुनीरुद्दीन नदाफ पोरांना अरबी पाठ शिकवायचे. माणूस सरळ — पण थकलेला! सारं आयुष्य तेच तेच घोकून घेण्यात गेलेलं. पोरं शाळेतून दमून यायची, डुलक्या घ्यायची. मग काय? चुकला — छडी! अडखळला — छडी! पोरं शिकायची बरं, पोपटासारखी! अर्थ विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

त्यांच्यात शिकलगारांची माहेनूर सगळ्यात हुशार. विहीर खणताना दरड कोसळली, त्यात तिचे वडील गेले. आणि पोर यायचीच बंद झाली!

बरेच दिवस वाट पाहून उस्ताद तिच्या घरी गेले. आई दारातच रडू लागली, "उस्ताद, हिच्या अब्बांसाठी सगळ्यांनी दुआ पढली. हिनं ओठसुद्धा हलवले नाहीत!"

उस्तादांनी आईमागं उभ्या पोरीला विचारलं, "बेटा, तुला तर सगळं पाठ आहे ना?"

"आहे."

"मग?"

पोर खाली बघत म्हणाली, "चुकले असते तर? माझा मार तिकडं अब्बांना बसला असता."

मंडळी... उस्ताद मटकन उंबऱ्यावरच बसले हो! अल्लाची ओळख करून द्यायला निघालेला माणूस — आणि ओळख कशाची करून दिली? त्यांना वाटलं, आता इथून उठूच नये. इतकी दमणूक! पण पोर समोर उभी होती.

"बेटा, आपल्या बोलीत माग."

"चालतं?"

"त्याला सगळ्या बोली येतात. मीच कधी सांगितलं नाही तुम्हाला."

पोरीनं डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "अल्ला, अब्बांना विहिरीत उतरायची भीती वाटायची. घरी सांगायचे नाहीत. त्यांना उजेडात ठेव."

"आमीन," उस्ताद म्हणाले.

पुढं ते आधी अर्थ सांगू लागले, मग पाठ. चमत्कार झाला? छे! 'उस्ताद ढिले पडले' म्हणत काहींनी पोरं काढून घेतली. डुलक्या चालूच. उस्तादांचा शीणही गेला नाही. पण पोरं विचारायला लागली! एकेका ओळीवर संध्याकाळ सरायची. माहेनूर परत आली — चुकायची, आणि खणखणीत आवाजात चुकायची!

आता माना डोलवू नका, मंडळी. तुमचं लेकरू उद्या संकटात सापडेल, तेव्हा त्याला काय आठवेल? देव? की शिकवताना तुम्ही वटारलेले डोळे? घरी जाऊन बघा जरा.

मीही दमलोय. चला, नाव घ्या त्याचं. बेसूर होऊ द्या — पण तोंड उघडा!