बालवाडीची चौकशी

वाचनालयाचं पत्र येऊन महिना झाला होता. ‘वाचनालयाचा आपणांस काय उपयोग झाला?’ एवढंच त्यात विचारलं होतं. माझ्यासारख्यानं काय सांगावं, ते सुचत नव्हतं. कोरं पोस्टकार्ड खिशात घेऊन नाशिक रोडला देवळालीच्या बसच्या रांगेत उभा होतो. पुढं दोघी शेजारणी बोलत होत्या.

“सकीनाभाभी, ती बालवाडीची चौकशीवाली बाई तुमच्याकडं आली का?”

“उद्या येणार. काय विचारते, सुलाबाई?”

“पोरांना काय फायदा झाला म्हनं.”

“झालाच की. सांगते तसं.”

“नका सांगू. दवाखान्याच्या गाडीचं विचारलं, तवा आपन म्हनलो लय गुण आला. गाडी गेली ना दुसऱ्या वस्तीला?”

“मग फायदा नाही म्हणू?”

“मंग तर कुलूपच लावतील.”

“या अल्ला. मासूमाला कुठं ठेवून कामाला जाऊ मी? तुम्ही काय सांगितलं?”

“म्हनलं, थोरला लय सुधारला, धाकटी अजून बाकी हाय.”

“तुम्हाला कुठं आहे धाकटी?”

“काल तुमची मासूमा नेली नव्हती का मांडीवर बसवायला?”

“अहो, मग उद्या ती बाई ओळखेल ना तिला.”

“फ्रॉक बदला. आन् चहा देऊ नका, खाऊनपिऊन सुखी लिहितील.”

बस आली, त्या चढल्या. मी मागं राहिलो. बाकावर बसून कार्डावर लिहिलं, ‘पुष्कळ उपयोग झाला. अजून दोन कपाटं वाचायची राहिली आहेत.’ आणि ते समोरच्या पेटीत टाकलं.