निमिष कंपनीचा माणूस

हॅलो?… हॅलो. हो, मंदाच बोलतेय. कोण, ताई?… नाशिकहून? जरा मोठ्याने बोल, मागे रंगाईचं मशीन चालू आहे… हां, आता येतंय ऐकू.

सगळे बरे आहेत. बाबा ड्युटीवर गेलेत. काशी घरी… हो, अजून आपल्याच घरी. तेच सांगतेय, तू नव्या घड्याळासाठी कुड्या मोडू नकोस… अगं, एचएमटी नको. कुठलंच घड्याळ नको. आधीचंच चालायला लागलंय.

हो, निमिषच. तेच ते स्वस्तातलं, बाबांनी लग्नात जावयाला दिलेलं… नाही, कुणी आपटून चालू केलं नाही. कंपनीचा माणूस आला होता.

मुंबईहून.

आपल्या घरी, ताई. अजयनगरच्या घड्याळाच्या दुकानात नाही, बाजारात नाही, आपल्या घरी. मी थट्टा करत नाहीये. ऐक तर… हो, हो, अगं ऐक ना.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते बंद पडलं, हे तुला ठाऊकच आहे. मग दिवाळीला गोदूबाईंनी सुनेला इकडे पाठवलं, तीही बंद घड्याळ रुमालात बांधून. दिवाळसणाला राघो येईल म्हणून बाबांनी पाट मांडला, आईने करंज्या झाकून ठेवल्या. राघो आलाच नाही. त्यांच्या शेजारच्या ट्रकवाल्या लडकूकडून सासूबाईंचा निरोप आला, "घड्याल चालत न्हाय तवर पोर तिकरंच ऱ्हाऊं दे." तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी काशी इथेच. दारात बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरते. गल्लीतल्या बायका येता-जाता विचारतात, सासरी कधी जाणार. ती म्हणते, सूत संपलं की.

नाही, रडत नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून मी कंपनीला कार्ड टाकलं. साधं पोस्टकार्ड. घड्याळ अमुक दिवशी बंद पडलं, चावी फिरते पण काटे हलत नाहीत, आणि त्यामुळे बहीण माहेरी आहे… हो, तेही लिहिलं. का नको? कारण आणि परिणाम दोन्ही लिहायला हवेत. बाबा म्हणाले, तुझ्या कार्डावर तिथला शिपाई भजी खाईल.

आणि शुक्रवारी हा माणूस दारात उभा. लूमला सुट्टी, बाबा घरीच होते. बाबांना वाटलं विम्याचा एजंट आहे, ते मागच्या दाराने निघालेच होते. परुळेकर नाव. अंगाने बारीक, हातात चामड्याची पेटी. म्हणाला, "निमिष कंपनीकडून आलोय. आपलं घड्याळ आजारी असल्याचं कळलं."

आजारी. हो, असंच म्हणाला. हसला वगैरे नाही.

चहा नको म्हणाला. आधी काम. आईकडे स्वच्छ पांढरा कपडा मागितला, ओसरीवर पसरला, डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ उघडलं. मग डॉक्टरसारखं विचारायला लागला. रात्री कुठे ठेवतात? अंघोळीला काढतात का? घालणाऱ्याला घाम किती येतो? काशीला नवऱ्याच्या घामाबद्दल वडिलांसमोर विचारलं, ती आत निघून गेली… नाही, त्याच्या ध्यानातही आलं नाही. तो घड्याळाच्याच बाजूचा होता.

आत काय निघालं माहितीये? लाल भुकटी. तेलात कालवलेली, चक्रांच्या दातांत बसलेली. मला म्हणाला, मी तपकीर पाहिली आहे, कणीक पाहिली आहे, एकदा मेलेली ऊ पाहिली आहे, हे काय ते कळत नाही. मी त्याच्याकडून कणभर भुकटी कागदावर घेतली. तेल होतं म्हणून जरा पसरली आणि त्यावर लिंबू पिळलं.

पिवळी झाली.

अगं, कुंकू. अस्सल कुंकू हळदीचंच असतं ना, चुना लागून लाल झालेलं. आंबट लागलं की परत पिवळं होतं. इथे कारखान्यात रोज असलंच तर करते मी… परुळेकर म्हणाला, पुन्हा करून दाखवा. मी पुन्हा केलं. मग म्हणाला, आईंनाही दाखवा. आई म्हणाली, लिंबू वाया गेलं.

म्हणजे कळलं का तुला? घड्याळ वाईट नव्हतं. गोदूबाईंनी दसऱ्याला घड्याळाची पूजा केली, काशीने पाहिली होती. विळा, कोयता, राघोचे गॅरेजमधले पाने, त्यांच्या शेजारी घड्याळ. त्यांच्या हातचं कुंकू आत गेलं आणि ठपका बाबांवर आला.

तेच तर. मी म्हटलं, चला आत्ताच्या आत्ता पडघ्याला काशीच्या सासरी, सगळ्यांसमोर सांगते. कागद पर्समध्ये टाकला. परुळेकरलाही जायचंच होतं. कंपनीचा नियम आहे म्हणे, घड्याळ ज्याच्या हातावरचं त्याच्याच हातावर बांधून द्यायचं… बाबा नाही आले. म्हणाले, तिथे मान खाली घालून बसवत नाही. मी आणि तो, दोघंच एसटीने गेलो. गर्दीत पेटी मांडीवर घेऊन बसला होता, बाळंतिणीसारखा.

हॅलो?… हो, हो, बोलतोय, तोडू नका… ऑपरेटर होती. तू वेळ वाढवून घेतलास ना? बरं.

तर बसमध्ये त्याने मला हळूच विचारलं, तो कागद जवळ आहे का. म्हटलं आहे. म्हणाला, "बाई, तो पर्समध्येच राहू द्या. गिऱ्हाइकाची चूक सिद्ध करणं कंपनीच्या कामात बसत नाही." मी म्हटलं, अहो, पण पुरावा आहे. तो म्हणाला, असेल की.

ताई, मला इतका राग आला. प्रयोग केला मी, रंग बदलला माझ्यासमोर, आणि सांगायचं नाही.

पोचलो. गोदूबाईंना आधी वाटलं, आम्ही कुणी पाहुणा शिकवून आणलाय. याला विचारलं, तुम्ही मुलीचे कोण? हा म्हणाला, मी घड्याळाचा. मग राघोला गॅरेजमधून बोलावलं. हात ग्रीसने काळे, उभा राहिला खाली बघत. काशी कशी आहे हे त्याने विचारलं नाही. आईसमोर नाही विचारलं, असं म्हण.

परुळेकरने त्याला दसऱ्याचं विचारलं. तर तो काय सांगतो, दसऱ्याला हत्यारं वापरायची नसतात, त्यांना विसावा द्यायचा असतो. कोयता चालवत नाहीत, नांगर धरत नाहीत. मग घड्याळ तरी कसं चालू ठेवायचं? म्हणून राघोने आदल्या रात्री चावी बाहेर ओढून काटे थांबवले, आणि तसंच पूजेत ठेवलं. चावी बाहेर म्हणजे तिथे फट. त्या फटीवर त्याच्या आईने मनापासून हळदकुंकू वाहिलं. वर पाणी शिंपडलं.

आपल्या कुणाच्या डोक्यात आलं असतं का हे?

गोदूबाई म्हणाल्या, "पूजा मीच केली, ह्या हातांनी." सगळं अंगण ऐकत होतं. शेजारणी भिंतीवरून डोकावत होत्या. आता परुळेकर बोलतो, मला वाटलं. पर्सवर माझा हात होता.

तो उठून उभा राहिला. म्हणाला, "मावशी, चूक कंपनीची आहे. आम्ही घड्याळ या देशात विकतो. या देशात दसरा दरवर्षी येतो. कंपनीला हे ठाऊक असायला हवं होतं."

हो, एवढंच… नाही, हसत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, मला नंतर कळलं. परत येताना म्हणत होता, कारखान्यात सांगतो, चावीला आणखी घट्ट बसणारं कडं हवं, गिऱ्हाईक पूजा करणारच.

मग तिथेच बसून घड्याळ साफ केलं, चावीच्या मुळाशी बारीक रबराचं कडं बसवलं, राघोचे हात साबणाने धुवायला लावले आणि स्वतः बांधलं. चाला म्हणाला. राघो चालला. हात वर करा. केला. झोपा. राघो अंगणातल्या खाटेवर झोपला. सगळं गाव बघतंय आणि हा घड्याळाला कान लावून बसलाय. शेवटी विचारतो, "आणखी काही तक्रार? आपण नाराज असताना मला जाता येणार नाही."

गोदूबाई मऊ झाल्या. त्याला पपनस दिलं. मला म्हणाल्या, उद्या पोरीला आणून सोडा.

हो ना, मलाही तसंच वाटलं. संपलं एकदाचं. धावत घरी आले, काशीला सगळं सांगितलं. ती कांडी भरत होती. थांबलीही नाही. विचारलं, तो आला कसा? म्हटलं, एसटीने. कुणी आणलं? कुणी नाही, कार्ड मिळालं आणि आला. मग ती म्हणाली…

थांब, तिचे शब्दच सांगते. "घड्याळासाठी मुंबईहून माणूस आला. काय दुखतं ते विचारलं, हातावर बांधून गेला. माझ्यासाठी पडघ्याहून कोणी येईल तेव्हा मी जाईन."

आजपर्यंत बाबाच म्हणत होते ना, पडतं घे. उठले, बाहेर गेले, आणि लडकूच्या ट्रकपाशी उभं राहून निरोप दिला, जसाच्या तसा. जावयाने न्यायला यावं.

अगं, ओरडू नकोस. मला ठाऊक आहे मोडू शकतं. बाबांनाही ठाऊक आहे. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही… तू येऊ नकोस समजूत घालायला. आधी ऐक. राघो आला.

आज सकाळी. मी कामावर निघाले होते. दारात उभा, हातात घड्याळ. म्हणे, बंद पडलंय. मी हातात घेतलं, कानाला लावलं, चावी फिरवली. चालू झालं.

नाही गं, बिघडलं नव्हतं. त्याने चावी दिलीच नव्हती. दिलीच नाही मुद्दाम, म्हणजे बंद पडेल, आणि आईला सांगता येईल की भिवंडीला दाखवून आणतो.

हो. मलाही हसू आलं. काशीला नाही आलं.

ती म्हणाली, घड्याळाचं काम झालं, आता दुसरं काय? तो म्हणाला, "तुला न्यायला आलो." ती म्हणाली, "घरी काय सांगून आलात?"

"घड्याळ बंद पडलं म्हणून."

"मग परत जा. मला न्यायला जातो असं सांगून या."

हो. असंच. बाबांसमोर. नवऱ्याला.

गेला. खरंच गेला, पडघ्याच्या गाडीने… चिडला नव्हता. पाणी प्यायला, पेला उपडा ठेवला आणि निघाला. जाताना घड्याळ काशीच्या हातात दिलं. मी विचारलं, अहो, घड्याळ? तर म्हणतो, राहू द्या इथे. माझ्याजवळ असलं की आईसमोर तोंडातून पुन्हा घड्याळाचंच निघेल.

तुला काय वाटतं, येईल?

मला? मी कशी सांगू, ताई. गोदूबाईंच्या तोंडासमोर उभं राहून बोलायचंय त्याला. तसं त्याने आयुष्यात कधी केलं असेल असं वाटत नाही. अंदाज बांधायला आधीचं काही उदाहरणच नाही.

काशी? आत्ता दुपारी जेवायला गेले होते तेव्हा पाहिलं. लुगडी घडी करून पिशवीत भरत होती. मला म्हणाली, अजून काही नक्की नाही. आणि वरून फणी टाकली.

हो… हो, कळवते. हॅलो?… ताई?… हॅलो?