तिसऱ्या नंबरचा दारिओ

— नाही, पण त्याला ताईचं नाव तरी माहीत होतं का? एवढंच मी विचारलं होतं, दादा, आणि तेही त्याच्या चाहत्यांच्या क्लबातल्या बायकांना, ज्या सोळा वर्षं त्याच्या मागे मागे फिरल्या. एकीनं कॉफी ढवळली, दुसरीनं पत्ते पिसले. फादरना विचारलं, तर म्हणाले, देवाला सगळ्यांची नावं माहीत असतात. मी देवाचं कुठं विचारत होतो, मी त्या सिनेमातल्या दारिओ मोन्तेसिलोचं विचारत होतो. खा ना तुम्ही, शेवया गार होतायत. मिशी काढलीत ते बरं केलंत. गॉगल लावा बघू — हं. डावीकडून अगदी तोच. उजवीकडून तुम्ही तुमच्यासारखेच दिसता, तेव्हा आईला डावी बाजूच दाखवा. राग मानू नका. टीव्हीवरच्या दुपारच्या कार्यक्रमात, त्या हुबेहूब दारिओसारखं दिसणाऱ्यांच्या स्पर्धेत, तुमचा तिसरा नंबर होता हे मला ठाऊक आहे — पहिला आलेला दुबईला गेला, आणि दुसरा सुटलाय हो, पोट आलंय त्याला, मी जाऊन बघून आलो. दारिओला पोट नाही. तुम्ही रिक्षा चालवता म्हणून वाळलेले राहिलात, देवाचीच कृपा.

काम काही अवघड नाही. आत शिरलात की समोर ताईची शवपेटी, वर काच. काचेवर वाकू नका, डोळ्यांतलं पाणी काचेवर पडलेलं आईला चालत नाही — म्हणजे तुमच्या डोळ्यांत कशाला येईल म्हणा, पण घाम तरी येईल, आत पंखा एकच आहे. पेटीच्या मागे तुमचाच — त्याचा — मोठा फलक लावलाय, ताईच्या फोटोच्या चौपट. दचकू नका. आधी आईचा हात कपाळाला लावा. जास्त बोलू नका, घसा बसलाय म्हणा, शूटिंगनं बसला. ताईचं नाव रिझालिन, ‘रिझालिन माझी फार जुनी आहे’ एवढंच म्हणा, तो क्लबवाल्यांना तसंच म्हणायचा, ‘तुम्ही माझ्या जुन्या’ — सगळ्यांना एकदम, नाव घेऊन नाही. त्या बायकांना मी फुलं लावायच्या कामाला चर्चमध्ये पिटाळलंय, त्या तुम्हाला चेहऱ्यावरून नाही, कानाच्या पाळीवरून ओळखतील. तासभर येत नाहीत. आत फक्त आई आणि मयताच्या जागरणाला पत्ते खेळत बसलेले दोन म्हातारे, आणि ते हातातल्या पत्त्यांवरून नजर काढत नाहीत.

आज नववा दिवस, दादा. आमच्या गल्लीत पाच दिवसांच्या वर मयताला घरात ठेवत नाहीत, फार तर परदेशातला मुलगा यायचा असेल तर सात. मयत टिकायला औषध भरणारा सकाळी येऊन गेला, म्हणाला, उद्यापलीकडे माझ्या हातात नाही. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, तो येतो म्हणालाय, तो आला की न्या. दुसरं बोलतच नाही ती. जेवतही नाही. आता तो येतो म्हणालाय, हे — असो.

तुम्ही ताईला कुठून ओळखणार म्हणा. मासे सुकवायच्या कामावर होती, बंदरापाशी. तुम्ही आज बघाल, आमच्या पत्र्याखाली त्याचाच फलक ठोकलाय, बारा वर्षांपूर्वीच्या सिनेमाचा, आता उन्हानं त्याचे दात पिवळे पडलेत. सिनेमा पडायला लागला की ही सहा तिकिटं काढायची आणि एकटी बसायची, मधेमधे खुर्ची बदलायची — रिकामी खुर्ची कुणी पाहिली आणि त्याच्या कानावर गेलं तर त्याला वाईट वाटेल म्हणे. मी म्हटलं, ताई, तो तुझा कोण लागतो? तर हसली. म्हणाली, तू बस मासे मोजत. तीन वर्षं रोज त्याला मेसेज करायची. कुठून तरी नंबर मिळवला होता, उत्तर कधी नाही. तिसऱ्या वर्षी तिची मूत्रपिंडं गेली, मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जायची, आणि तिथं नळ्या लावून पडल्या पडल्या त्यालाच लिहायची. एकदा रडताना दिसली मला. दुखतंय म्हणून नाही, उत्तर नाही म्हणून. मला राहवेना. मी असाच आहे, आधी करतो. बंदरावरून एक सिम घेतलं आणि लिहिलं — हा माझा नवा नंबर, कुणाला देऊ नकोस. दारिओ. आणि खाली — जेवलीस का?

मला दुसरं काय सुचणार, चौथीत शाळा सुटली माझी. मोठी माणसं काय विचारतात कुणास ठाऊक. दोन वर्षं मी तेच लिहीत होतो, जेवलीस का, झोपलीस का, औषध घेतलंस का. आणि ती घ्यायची हो. मी सांगितलं तर गोळी थुंकायची, त्यानं सांगितलं की गिळायची. माझी बर्फाच्या कारखान्यात सुट्टी झाली की मी लिहायचो. ती म्हणायची, गंमत बघ, त्याची शूटिंगची सुट्टी आणि तुझी एकाच वेळी होते. मी म्हणायचो, असेल.

पाणी प्या. ठसका लागला तुम्हाला.

मग त्याचा मॉलमधला कार्यक्रम लागला. तिनं विचारलं — त्याला विचारलं — मी येऊ का? आणि मी बर्फाची लादी ओढत होतो, एका हातानं लिहिलं, ये. एवढंच. ये. वाटलं, खूश होईल. मला वार कुठं माहीत होता, दादा. मला रविवार वाटला, असले कार्यक्रम रविवारी असतात. तो मंगळवार होता. ती डायलिसिसला गेलीच नाही. पहाटेपासून रांगेत उभी, आठ तास, उन्हात, पुठ्ठ्यावर त्याचं नाव लिहून. तो वीस मिनिटं आला, एक गाणं म्हणाला, गेला. ती तिथंच बसली, मग आडवी झाली.

हे आईला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तुम्हाला का सांगतोय, कुणास ठाऊक. तुमच्या तोंडामुळे असेल.

दुसऱ्या दिवशी आईनं ताईच्या फोनवरून त्याला लिहिलं, माझी मुलगी गेली, एकदा येऊन जा. फोन माझ्या खिशात थरथरला, मी पेटी उचलायला खांदा दिलेला होता. मी लिहिलं, येतो. बघितलंत? आधी करतो मी.

पण एक सांगा. तुम्ही तरी सांगा. त्या मंगळवारी, गाणं संपल्यावर, रांगेतूनच तिनं शेवटचं लिहिलं होतं. त्याला. मी रोज वाचतो. लिहिलंय — तुम्हाला लांबून पाहिलं. सोळा वर्षांचं फिटलं. आता तुम्ही घरी जा आणि जेवून घ्या, वांगं झाकून ठेवलंय, मांजर येईल तर खिडकी लावा.

मोन्तेसिलोच्या घरी आमचं वांगं कशाला असेल, दादा?

मी त्या दिवशी घरी गेलो तेव्हा खिडकी उघडीच होती.

नको, बोलू नका. घसा बसलाय ना तुमचा. उठा, तोंड पुसा, मास्क लावा. खिशात एक हात ठेवून चाला, तो तसा चालतो. बाहेर पडताना दारापर्यंत पोचवायला कुणी येणार नाही, आमच्यात मयताच्या घरून पाहुण्याला पोचवत नाहीत, तुम्हालाही माहीत आहे, तर मागे बघू नका. आणि सरळ घरी जाऊ नका, वाटेत कुठं तरी टेका, म्हणजे मयत मागोमाग तुमच्या घरी येत नाही. ती समोरची गल्ली, पहिलंच निळं दार. मी इथंच थांबतो, मला आत बघवणार नाही.

थांबा, एक मिनिट. दोनच शब्द लिहायचेत. ‘दारात आहे.’ — गेला.

वाजला बघा ताईचा फोन, आत आईच्या हातात. जा आता.