गाढव कुठं गेलं?

मंडळी, आज एकच प्रश्न पुढे ठेवतो — पूर्वजांची साक्ष काढायची आणि त्यांचं बोलणं मध्येच तोडायचं, याला आदर म्हणायचं की लबाडी? थांबा, माना डोलवू नका! आधी ठकूबाईची गोष्ट ऐका.

ठकूबाई उंबरवाडीची बुरुडीण. सुपं-टोपल्या विणायची आणि दर मंगळवारी डोक्यावरून सावरपेठेच्या बाजारात आणायची. वेशीत एक उभा कोरीव दगड, त्याच्या शेजारी तिची जागा. आधी सासू बसायची तिथंच. घर चालायचं ते त्या एका मंगळवारावर!

आणि झालं काय? एका मंगळवारी वेशीतच भरलेल्या गावसभेत ठराव आला — परगावच्यांना बाजार बंद! सरपंच तुळाजीराव दगडाभोवतीच्या पारावर चढले, दगडावर थाप मारली —

"ऐका! 'परगावच्या कोणी या पेठेत बसू नये.' चारशे वर्षांपूर्वीचा हुकूम! म्हणून तर तेव्हा गावात सोन्याचा धूर निघत होता!"

टाळ्या! कडकडाट! अहो, धूर निघाला तरी होता का? आणि निघाला, तर त्या हुकमामुळेच कशावरून? कोंबडा आरवतो, मग उजाडतं — म्हणून सूर्य काय कोंबड्यानं ओढून आणला?

अक्षर ठकूबाईला येत नव्हतं. पण दगड पाठ होता! धीर करून उठली.

"सरपंच, येक इचारू?"

"विचार की."

"ह्यातलं गाढव कुठं गेलं?"

सभेत हशा! मागून कुणीतरी ओरडलं, "पारावर चढलंय!"

तुळाजीराव लालबुंद. "कसलं गाढव?"

"दगडाच्या बुडाशी कोरल्यालं. आमची सासू टोपल्या मांडायच्या आधी त्याला त्याल लावायची. तुम्ही मागल्या साली भाषनापायी पार उंच केला, तवापासनं दिसंना."

आता उठले पेंढारकर गुरुजी. जुनी अक्षरं वाचणारा गावातला एकटा माणूस, पण गावात आला तो पार उंच झाल्यावर; वरची ओळ सरपंचांना त्यानंच वाचून दिलेली. "अरे, गाढव ही शापाची खूण! इथं ती लेखाच्या शेवटी असेल, तर अर्धा लेख खाली गाडलाय. पहार आणा!"

दोन फरश्या उचकटल्या. माती काढली. गुरुजींनी दगड धुतला, अक्षरांवरून बोट फिरवलं —

"'...बसू नये, गावात मरी आहे तोवर. मरी सरताच पेठ सर्वांस खुली करावी. जो अडवील त्यास...'"

आणि खाली — गाढव! कान टवकारलेलं!

मंडळी, मरी म्हणजे साथ! हुकूम साथीपुरता, आणि ज्या ओळी हे सांगत होत्या, त्यांच्यावरच पाय रोवून साहेब भाषण करत होते!

संपलं? छे! विरोधी पक्षाचे यादवअण्णा टुणकन पारावर. "ऐकलंत? 'सर्वांस खुली!' पूर्वजांनी सांगितलंय — बंदी नको, नियम नको, कुणीही यावं, काहीही विकावं!"

ठकूबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. तिच्या बाजूनं बोलणारा माणूस! गप्प बसली असती तर चाललं असतं. पण नाही बसली.

"अण्णा, त्यांनी खालचं झाकलं, तुम्ही वरचं झाकता व्हय? त्या लोकांनी मरी बघितली, बंद केलं. मरी गेली, उघडलं. डोळं उघडं ठेवून केलं! तुम्ही दोघं नुस्ता दगड बघता. बाजार कुणी बघायचा? गावात टोपली इनतंय का कोन? मी न्हाई आले, तर कांदं कशात भरनार?"

कांदेवाल्या सिंधूबाईंचा हात ठरावाविरुद्ध वर गेला. त्यांच्यामागे आणखी, आणखी... ठराव पडला!

पुढच्या मंगळवारी ठकूबाईनं टोपल्या मांडायच्या आधी गाढवाला तेल लावलं. वर्षभराचं राहिलेलं, म्हणून जरा जास्तच!

हसताय? हसा! पण भावकीच्या वाटणीत "आजोबा असं म्हणाले होते" म्हणून तुम्हीही थाप मारता ना? आजोबा पुढं काय म्हणाले? का म्हणाले? ती फरशी कुणी घातली? पुढच्या सभेत टाळीला हात वर गेला, की क्षणभर थांबा, आणि बोलणाऱ्याला एवढंच विचारा —

बाबा रे, गाढव कुठं गेलं?