बाबांचं सागवानी कपाट

आमच्या बाबांनी बाथरूममध्ये मुद्दाम सागवानी कपाट करून घेतलं, तेव्हाची गोष्ट. आई म्हणत होती, "प्लास्टिकचं घ्या. आपल्या रत्नागिरीच्या हवेत लाकूड फुगतं." बाबांनी ऐकलं नाही. वर त्याला इतकं जपायला लागले की रोज अंघोळ झाली की फडक्याने पुसायचे.

एकदा बघतो तर बाबा मागीलदारी विहिरीवर अंघोळ करतायत!

आई म्हणाली, "हे काय?"

"कपाट भिजतं."

"मला कधी एवढं जपलंत?"

बाबा म्हणाले, "अगो, गुडघ्यांमुळे तुला वाकता येत नाही. म्हणून तुझा हात पोचेल एवढ्या उंचीवर करून घेतलं. ते टिकायला नको?"

आई आत गेली, टॉवेल घेऊन आली. म्हणाली, "उद्यापासून आतच अंघोळ करा. कपाट दुसरं करता येईल."