आमच्या दारातला वस्तीचा हापसा

माझ्या सासरची गोष्ट सांगते, पण हसू नका. वाळूजजवळच्या आमच्या गावात सरकारी योजनेतून दलित वस्तीला मंजूर झालेला हापसा सरपंच असलेल्या मामंजींनी स्वतःच्याच दारात बसवून घेतला होता. एकदा तपासणीला साहेब आले.

"ही दलित वस्तीच ना?"

"व्हय साहेब, हीच."

विद्यापीठाच्या नामांतराचं नाव निघालं तरी ताटावरून उठणारे मामंजी हे बोलले!

तेवढ्यात वस्तीतल्या कडूबाई रिकामा हंडा घेऊन आल्या. "जय भीम, सरपंच! आमच्यात कधी आलात राहायला?"

साहेब बघत होते. मामंजी पुटपुटले, "जय भीम."

"मग सरका की, पाणी भरू द्या."

कडूबाई हंडा भरून गेल्या. साहेबांची जीपही गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "सूनबाई, हापसा धुवून काढ."

मला मान वर करवेना. खालीच बघत विचारलं, "कुणाच्या पाण्यानं?"