मोठी पाकट, धाकटी दयाळ

...नाही, ती शाल वर ठेव — धाकटीच्या घरात एसी असतो, तिनंच सांगितलंय. आणि तोंड का एवढंसं केलंयस, सूनबाई? पाकट म्हटलं म्हणून राग आला होय? अगं, मत्स्यालयात उभा जन्म गेला माझा, पाकटांना भरवण्यात — मला नाही कळणार तर कुणाला? थाळीसारखा चपटा मासा, तळाशी वाळूत पडून राहायचा, नुसते डोळे वर. शेपटीत विषारी काटा असतो म्हणा, पण पाय पडल्याशिवाय मारत नाही. तोंड पोटाखाली — काय खातोय ते त्याचं त्यालाच दिसत नाही! तुझं तेच. मीठ जास्त झालं म्हटलं, 'बरं'. कमी झालं म्हटलं, 'बरं'. माझं हाड मोडल्यापासून आंघोळ घालतेस, नखं कापतेस — नाही कोण म्हणतंय? — पण चकार शब्द काढशील तर शपथ! माणसानं काय भिंतीशी बोलायचं?

धाकटी जाऊ बघ तुझी. दयाळ पक्षी नुसता! शेजारच्या पक्षिगृहात होता ना एक, काळा-पांढरा — शेपूट उभारून असा गायचा, असा गायचा की बादली माझ्या हातातच राहायची. धाकटीचा फोन आला की तसंच होतं बघ — 'आई, कधी येताय? आई, तुमची खोली रंगवलीय.' आता तो दयाळ काही माझ्यासाठी नव्हता गात — दुसऱ्या कुणी आपल्या जागेत पाऊल टाकू नये म्हणून गातात ते — पण ते जाऊ दे, त्याचा इथे काय संबंध?

थांब, तिचाच फोन. बोल गं राणी! बॅग भरून तयार बसलेय... हो?... पाहुणे? किती दिवस?... अगं, मग मी हॉलमध्ये झोपेन की... बरं. बरं, बरं.

काही नाही गं. तिच्या माहेरची माणसं आलीत, खोली अडकलीय. ऐनवेळी ती तरी काय करणार? चल, काढ ते कपडे बाहेर. आणि मनातल्या मनात हसू नकोस, मला सगळं कळतं. राहते मी इथेच — तुलाही करमलं नसतंच म्हणा माझ्याशिवाय. अगं, काढ म्हणतेय ना? चेन का लावतेस? आणि माझी काठी कुठे नेतेस, इकडे दे आधी.

काय म्हणालीस? खाली टॅक्सी उभी आहे? — आणि पत्ता धाकटीचाच दिलायस?... अगं, आत्ता तुझ्यासमोर ती काय म्हणाली... सूनबाई? अगं, बोल ना काहीतरी.